हायवेला गार, सिग्नलला गरम: जुन्या व्हॅनचा एसी आणि आयडलिंग

मे महिन्यातली दुपार, टोलनाक्याची रांग आणि आमची चौदा वर्षांची पेट्रोल व्हॅन. रांगेत उभं राहिलं की दोन मिनिटांत एसीची हवा कोमट व्हायची, पाचव्या मिनिटाला गरम. त्याच सुमारास इंजिन असं थरथरायला लागायचं की डॅशबोर्डवरचा गणपती मान डोलवायचा. पुढची गाडी हलली म्हणून क्लच सोडावा, तर आपली गाडी बंद. मागून हॉर्न आणि मागच्या सीटवरून आईचा सल्ला, "अरे, तो एसी बंद कर आणि काचा खाली घे." एसी बंद केला की इंजिन लगेच गुणी बाळासारखं चालायला लागायचं.

मी दोन तक्रारी घेऊन दोन ठिकाणी गेलो. एसीवाल्यानं माझं बोलणं संपायच्या आत निदान केलं, "गॅस कमी झालाय." इंजिनवाल्यानं सीट उचलली (या व्हॅनचं इंजिन सीटखाली असतं), एक स्क्रू फिरवला आणि रेस, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, वाढवून दिली. दोघांनी पैसे घेतले. आठ-दहा दिवसांत दोन्ही तक्रारी परत दारात. त्या उन्हाळ्यात गॅस दोनदा भरून झाला. मूळ दुखणं ज्या पार्टमध्ये होतं त्याच्याकडे तोवर कुणी पाहिलंही नव्हतं, कारण एसीवाला त्याला गाडीचा पार्ट समजत होता आणि गाडीवाला एसीचा.

जुन्या व्हॅनमध्ये 'एसी गार करत नाही' आणि 'एसी लावला की गाडी बंद पडते' या बहुतेक वेळा एकाच दुखण्याच्या दोन तक्रारी असतात. असं का होतं ते एकदा कळलं, की निम्मं निदान घरच्या अंगणात, पदरचा रुपया न घालवता करता येतं.

इंजिनाच्या मानेवरचं जू

घरातला एसी विजेवर चालतो. गाडीतला चालतो इंजिनावर. इंजिनाच्या पुलीवरून एक पट्टा कॉम्प्रेसरच्या पुलीला फिरवतो. ही पुली इंजिन चालू असेपर्यंत फिरतच असते, पण कॉम्प्रेसर आतून स्थिर असतो. एसीचं बटण दाबलं की पुलीतल्या कॉइलला वीज मिळते, लोहचुंबक तयार होतं, ते समोरची चकती 'टक्' करून ओढून घेतं आणि कॉम्प्रेसर फिरायला लागतो. यालाच मॅग्नेटिक क्लच म्हणतात. आज हे साधं वाटतं, पण अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं १९४० च्या मॉडेलात पहिल्यांदा कारखान्यातूनच एसी बसवून दिला, तेव्हा त्यात हा क्लच नव्हता. एसी नको असेल तर गाडी थांबवायची, बॉनेट उघडायचं आणि हातानं पट्टा काढून ठेवायचा!

कॉम्प्रेसर फिरवायला लहान गाडीत साधारण एक ते तीन हॉर्सपॉवर लागतात. ७०-८० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला हे ओझं किरकोळ वाटेल. पण ते ७०-८० पाय पूर्ण दाबून इंजिन पाच-सहा हजार फेऱ्यांवर नेल्यावर मिळतात. सिग्नलला उभी असताना, म्हणजे आयडलिंगला, इंजिन मिनिटाला ७०० ते ९०० फेऱ्यांवर असतं, हवेचं तोंड जवळपास बंद असतं आणि स्वतःला फिरतं ठेवण्यापुरतीच ताकद ते तयार करत असतं. अशा वेळी दोन हॉर्सपॉवर म्हणजे झोपेतून उठवून डोक्यावर हंडा ठेवण्यासारखं. १९८४ साली आलेल्या मारुती व्हॅनचं, म्हणजे पुढे ओम्नी नावानं ओळखल्या गेलेल्या गाडीचं, इंजिन तीन सिलिंडरचं आणि ७९६ सीसीचं होतं. त्यात बाहेरून एसी बसवून घेतलेल्या लोकांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

म्हणून गाडीत एक तडजोड ठेवलेली असते. एमपीएफआय गाडीत, म्हणजे जिथे कॉम्प्युटर इंजेक्टरनं पेट्रोल सोडतो तिथे, एसीचं बटण थेट क्लचला वीज देत नाही, ते आधी इंजिनाच्या कॉम्प्युटरला विनंती पाठवतं. कॉम्प्युटर आयडलचा वॉल्व्ह थोडा उघडून जास्त हवा आत घेतो, इंजिन सावरून उभं राहतं आणि मग क्षणभरानं क्लच 'टक्' करतो. कार्बोरेटरच्या जुन्या व्हॅनमध्ये हेच काम व्हॅक्यूमवर चालणारी एक डबी करते, ती अ‍ॅक्सिलरेटरची तार किंचित ओढते. दोन्हीकडे हेतू एकच, ओझं येण्याआधी कंबर कसणे.

हे माहीत असलं की एक भीती आपोआप जाते. एसी लागताना टॅकोमीटरची, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारी, सुई क्षणभर खाली जाऊन परत वर येत असेल, तर गाडी ठणठणीत आहे. आंबा घाटात पाय पूर्ण दाबल्यावर हवा काही सेकंद कोमट होत असेल, तर तोही बिघाड नाही. बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटर चढाला मुद्दाम कॉम्प्रेसरचा क्लच सोडतो, म्हणजे सगळी ताकद चाकांकडे जाते. काळजी करायची ती सुई खाली जाऊन तिथेच राहिली तर, किंवा वर-खाली झोके घेत राहिली तर.

माठ आणि सायकलचा पंप

आता गारव्याकडे. माठातलं पाणी गार होतं, कारण बाहेर झिरपलेलं पाणी वाफ होऊन जाताना माठाची उष्णता घेऊन जातं. एसीतही तेच घडतं, फक्त पाण्याऐवजी आर-१३४ए हा वायू असतो, एसीवाले ज्याला नुसतं 'गॅस' म्हणतात तो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डच्या मागे जाळीदार कूलिंग कॉइल असते, तिच्यात हा द्रव कमी दाबाखाली उकळतो, म्हणून ती बर्फागत गार होते. ब्लोअर तिच्यावरून हवा ढकलतो आणि ती आपल्या तोंडावर येते.

उकळून वायू झालेलं हे सगळं फुकट सोडून देता येत नाही. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं तोंड तापतं ना, तसा दाबलेला वायू तापतो. तो गरम वायू गाडीच्या पुढच्या भागातल्या कंडेन्सरमध्ये जातो, तिथे बाहेरच्या हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रव होतो आणि एक्सपान्शन वॉल्व्हच्या बारीक छिद्रातून परत कूलिंग कॉइलकडे. एवढंच. एसी थंडी तयार करत नाही, गाडीतली उष्णता उचलून पुढच्या जाळीतून बाहेर टाकतो. बाहेर टाकण्याचं दार अडलं, की आत कितीही दाबा, गार होणार नाही.

कोकणातल्या लोकांसाठी एक गोष्ट जास्तीची. दमट हवेतलं पाणी कूलिंग कॉइलवर दवासारखं जमतं आणि गाडीखाली ठिबकतं. तासाला एक लिटर पाणी ठिबकलं, तर नुसत्या त्या पाण्यासाठी सुमारे ६८० वॅट इतका गारवा खर्च झाला. म्हणून तोच एसी रत्नागिरीत जूनच्या तोंडावर मरगळलेला वाटतो आणि कोल्हापुरात जानेवारीत अंगावर काटा आणतो. दर वेळी गॅसच कमी झालेला असतो असं नाही.

दुष्टचक्र

आमच्या गाडीत काय झालं होतं ते आता सांगता येईल. कंडेन्सरसमोरच्या पंख्याच्या मोटरचे ब्रश झिजले होते. पंखा फिरत होता, पण आळसावून. हायवेला गाडीच्या वेगाचा वारा कंडेन्सरला पुरत होता, त्यामुळे एसी झकास. टोलनाक्याला वारा बंद, पंखा मेंगळट, उष्णता बाहेर जाईना. उष्णता जात नाही म्हणून कंडेन्सरमधला दाब चढतो. दाब चढला की कॉम्प्रेसरला तोच वायू जास्त जोर लावून ढकलावा लागतो, म्हणजे इंजिनावरचं ओझं वाढतं आणि फेऱ्या पडतात. त्याच पट्ट्याचा जोर अल्टरनेटरला, म्हणजे गाडीची वीज तयार करणाऱ्या यंत्रालाही लागतो. फेऱ्या पडल्या की तो वीज कमी देतो, वीज कमी झाली की आधीच मेंगळट असलेला पंखा आणखी मंद होतो, आणि दाब आणखी चढतो.

थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचं घर, स्वच्छ असती तर कॉम्प्युटरनं हे सगळं बराच काळ झाकून ठेवलं असतं. पण तिथे चौदा वर्षांची काजळी होती. वॉल्व्ह उघडत होता, हवा मात्र पुरेशी जात नव्हती. शेवटी दाब इतका चढायचा की सुरक्षेसाठी ठेवलेला प्रेशर स्विच क्लच तोडायचा, ओझं एकदम उतरायचं, रेस उसळायची, दाब उतरला की क्लच पुन्हा लागायचा. सुईचे झोके ते हेच.

यात त्या एसीवाल्यानं अंदाजानं आणखी गॅस भरला. गॅस जास्त झाला की कंडेन्सरमध्ये द्रवच साचून राहतो, वायू गार व्हायला जागा उरत नाही आणि दाब आणखी वाढतो. म्हणजे आम्ही पैसे देऊन दुखणं वाढवून घेतलं.

गाडी काय सांगते ते ऐकणे

गॅरेजला जाण्याआधी एसी नेमका कधी बिघडतो हे आठवून, जमलं तर लिहून काढावं. मला तरी गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या कुठल्याही स्कॅनरपेक्षा हा तपशील जास्त कामाचा वाटतो.

चालताना गार आणि थांबल्यावर गरम असेल, तर पहिला संशय पंख्यावर. याची एक पक्की आणि फुकटातली चाचणी आहे. गाडी सावलीत उभी करून एसी पूर्ण लावा. हवा कोमट झाली की पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर हळूहळू पाणी ओता. चालू असलेल्या पंख्याच्या पात्यांपासून हात लांब ठेवा. मिनिटाभरात आतली हवा गार झाली आणि इंजिनही सावरलं, तर गॅस पुरेसा आहे, कॉम्प्रेसर जिवंत आहे आणि उष्णता बाहेर जाण्यातच अडचण आहे. मग पंखा, त्याचा रिले (वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच), त्याचं अर्थिंग, किंवा कंडेन्सरच्या जाळीत अडकलेली माती आणि किडे, एवढंच तपासायचं राहतं. जाळी पाइपच्या पाण्यानं हलक्या हातानं धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पातळ पत्रे आडवे पडतात आणि मग ना वारा जातो ना पाणी.

सकाळी गार, पण तासभर चालवल्यावर दुपारी एकदम बंद, आणि गाडी थंड झाली की परत सुरू? हा क्लचचा स्वभाव. चकती आणि पुली यांच्यात मिलिमीटरच्या निम्म्याहून कमी फट असते. वर्षानुवर्षं झिजून ती वाढते. क्लचची कॉइल तापली की तिचं चुंबक दुबळं होतं आणि वाढलेली फट त्याला ओढवत नाही. अशा वेळी पुष्कळ गाड्यांत चकतीमागची एक शिम, म्हणजे पातळ वॉशर, काढून फट कमी करता येते. काम अर्ध्या-पाऊण तासाचं असतं, पण ते न करता अख्खा कॉम्प्रेसर बदलायला सांगणारेही भेटतात. काय करायचं ते सांगण्याआधी समोरच्यानं फट मोजली का, एवढं विचारा.

तिसरा प्रकार लांबच्या प्रवासाचा. दीड-दोन तास छान गार, मग हवेचा झोतच कमी होतो, ब्लोअर मात्र जोरात ओरडत असतो. कूलिंग कॉइलवर बर्फ धरलाय. एसी बंद करून नुसता ब्लोअर दहा मिनिटं चालवला की पायाशी पाणी आणि झोत परत पूर्ववत. कॉइलजवळचा तापमानाचा सेन्सर क्लच वेळेवर सोडत नाही, किंवा कॉइल धुळीनं इतकी भरलीय की हवा आरपार जात नाही. जुन्या व्हॅनमध्ये बऱ्याचदा केबिन फिल्टर नसतोच. आमची कॉइल उघडली तेव्हा तिच्यावर धूळ, केस आणि एका बसच्या तिकिटाचा तुकडा मिळून गोधडीसारखा थर झाला होता. पायाशी पाणी नेहमीच येत असेल तर बहुधा ड्रेनचा, म्हणजे कॉइलवरचं पाणी गाडीखाली सोडणारा, पाइप तुंबलाय.

आणि कधीच गार होत नसेल, क्लचचा 'टक्' आवाजही येत नसेल, तर फ्यूज आणि रिले आधी. अनेक गाड्यांत हॉर्नचा आणि एसीचा रिले सारखाच असतो. अदलाबदल करून पाहा. एसी सुरू झाला आणि हॉर्न मुका झाला, तर नव्या रिलेच्या किमतीत काम झालं. क्लचला बाहेरून तार लावून जबरदस्तीनं चालवण्याचा मोह मात्र टाळा. यंत्रणेत गॅस नसला तर कमी दाबाचा स्विच क्लच मुद्दाम अडवून धरतो, कारण कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅसविना चालवलेला कॉम्प्रेसर कोरडा घासून मरतो आणि मरताना त्याचा चुरा सगळ्या पाइपांत पसरवतो.

आता इंजिनाची बाजू

सगळ्यात आधी एसी बंद ठेवून इंजिन दहा मिनिटं चालू द्या. तरीही मिस मारत असेल तर एसीला दोष देऊ नका. प्लग, एअर फिल्टर, फाटलेला व्हॅक्यूमचा पाइप, यांतलं काहीतरी आहे. आणि टॅकोमीटरची सुई स्थिर, पण स्टिअरिंग आणि सीट थरथरतायत, असं असेल तर आयडलिंग ठीकच आहे, इंजिन ज्या रबरावर टेकलेलं असतं ते माउंटिंग बसलंय. रबर बदललं की संपलं.

एसी बंद असताना ठीक असेल तर दुसरी चाचणी. एसी न लावता हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही, सगळं एकदम लावा. हेही ओझंच आहे, फक्त विजेचं. तेवढ्यानंही फेऱ्या पडल्या तर ओझं पेलायची इंजिनाचीच तयारी नाही, म्हणजे थ्रॉटल बॉडी आणि आयडल वॉल्व्हकडे वळा. तेवढं झेललं आणि एसीलाच बसलं, तर कॉम्प्रेसरचं ओझं वाजवीपेक्षा जास्त आहे: चढलेला दाब, जड झालेलं बेअरिंग, किंवा जास्त भरलेला गॅस. या वेळी बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावून पाहावा. इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान आकडा हवा. सगळं लावल्यावर तो १३ च्या खाली जाऊन बसत असेल, तर अल्टरनेटर, सैल पट्टा किंवा गंजलेलं अर्थिंग आधी दुरुस्त करा.

थ्रॉटल बॉडी साफ करणं व्हॅनमध्ये तसं सोपं, कारण ओम्नी-ईकोच्या घराण्यात इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. इंजिन बंद आणि थंड, हवेचा पाइप काढायचा, क्लीनरचा स्प्रे फडक्यावर मारून झडपेच्या कडेची काळी चिकट रिंग पुसायची. तारेवर चालणारी झडप हातानं उघडली तर चालते. इलेक्ट्रॉनिक झडप असेल तर बोटानं ढकलू नका, आतले गिअर प्लास्टिकचे असू शकतात. साफ केल्यावर एक-दोन दिवस रेस चढलेली राहू शकते. काजळीच्या हिशेबानं वॉल्व्ह जास्त उघडायची कॉम्प्युटरला सवय झालेली असते, ती सुटायला वेळ लागतो. बॅटरी काढून लावल्यावरही असंच काहीसं होतं.

स्क्रू फिरवून रेस वाढवण्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. कार्बोरेटरच्या गाडीत तो स्क्रू त्यासाठीच आहे, जरूर फिरवा. एमपीएफआयमध्ये तो झडपेचा टेकू असतो, कारखान्यात एकदा लावून दिलेला. तो फिरवला की झडप कधीच पूर्ण बंद होत नाही. सेन्सर 'झडप बंद' असं सांगत नाही, मग कॉम्प्युटरला आपण आयडलवर आहोत हेच कळत नाही आणि तो आपलं आयडलचं काम सोडून देतो. वर पेट्रोल जास्त जातं ते वेगळं. आमच्याकडे तो स्क्रू परत जागेवर आणायला दुसऱ्या मेकॅनिकला स्कॅनर लावून अर्धा तास खपावं लागलं.

सीएनजीवर चालणाऱ्यांसाठी दोन शब्द. वायुरूप इंधन सिलिंडरमध्ये हवेची जागा अडवतं, त्यामुळे त्याच इंजिनाची ताकद पेट्रोलपेक्षा साधारण दहा टक्क्यांनी कमी मिळते. एसी लावल्यावर सीएनजीवर बंद पडते आणि पेट्रोलवर चालते, तर सीएनजी किटचं ट्यूनिंग आणि त्याचे फिल्टर बघा. उलट, सीएनजीवर ठीक आणि पेट्रोलवर मिस मारते, तर वर्षभर न वापरलेल्या पेट्रोल इंजेक्टरवर चिकटा धरलाय. दोन इंधनं असणं ही इथे चांगली सोय आहे, दुसरं इंधन लावून पाहिलं की तपास अर्धा होतो.

गॅस भरायचाच असेल तर

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, तो बंद पाइपांत गोल फिरतो. दर उन्हाळ्यात कमी होत असेल तर कुठेतरी गळतोय. जुन्या रबरी होजमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो हे खरं, पण एका मोसमात दोनदा नाही. जोडांवर तेलकट, धूळ चिकटलेला डाग शोधा. गॅसबरोबर तेलही बाहेर येतं, त्यामुळे गळतीची जागा बहुतेक वेळा तीच असते. भरण्याच्या वॉल्व्हची पिनही कित्येकदा गळते आणि ती पार चिल्लर वस्तू आहे.

एसीवाल्यानं इंजिन बंद असताना गेज लावून "बघा, दाब आहे की नाही" असं दाखवलं तर फसू नका. ३० अंश तापमानाला आर-१३४एचा दाब ९७ पीएसआयच्या (टायरची हवा मोजतात तेच एकक) आसपास असतो, आणि यंत्रणेत द्रवाचा शेवटचा थेंब असेपर्यंत तो तेवढाच राहतो. निम्मा गॅस असला तरी तोच आकडा. घरचा सिलिंडर भरलाय का हे आपण उचलूनच ठरवतो ना? इथेही वजनच खरं. गाडीच्या स्टिकरवर गॅस किती ग्रॅम ते छापलेलं असतं. आधीचा सगळा काढून, व्हॅक्यूम करून, काट्यावर मोजून तेवढाच भरायला सांगा. 'गार लागेपर्यंत भरतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघावं.

व्हॅक्यूम कशासाठी? पाइपांत हवा आणि ओल राहू नये म्हणून. दाब हवेच्या दाबाच्या तीन टक्क्यांवर आणला की पाणी २५ अंशांना उकळून निघून जातं. त्याला वेळ लागतो, किमान अर्धा तास. पाच मिनिटांत पंप बंद केला तर ओल आतच राहते, ती एक्सपान्शन वॉल्व्हच्या छिद्रात गोठते आणि तेलाबरोबर मिसळून आम्ल तयार करते. यंत्रणा उघडली असेल तर ड्रायरही बदलावा. तो ओल शोषणारा डबा आहे, एकदा हवेत उघडा राहिला की पोट भरून बसतो. स्वस्तात मिळतो म्हणून ज्वलनशील गॅस भरून देणारेही असतात. सीटखाली तापलेलं इंजिन आणि समोर डॅशबोर्डमध्ये गळकी कॉइल असलेल्या डब्यात तो भरून घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

सीटखालची चूल

व्हॅनची स्वतःची एक अडचण आहे, ती मोटारवाल्यांना ठाऊक नसते. इंजिन आपल्या बुडाखाली असतं. सीटखालच्या झाकणाभोवती रबराची पट्टी आणि उष्णता अडवणारं अस्तर असतं. दहा मेकॅनिकांनी शंभर वेळा ती सीट उचलल्यावर पट्टी तुटते, अस्तर फाटतं, दोन क्लिपा हरवतात. मग एसी बिचारा वरून गार करतो आणि खालून चूल पेटलेली. आमच्याकडे नवी रबर पट्टी लावल्यावर पाय भाजायचे थांबले, आणि हे काम एसीच्या कुठल्याही बिलात बसलं नसतं. हीटर असलेल्या गाडीत गरम पाण्याचा वॉल्व्ह पूर्ण बंद होतो का तेही पाहा. तो थोडा उघडा राहिला तर गार कॉइलमधून आलेली हवा पुढे जाऊन पुन्हा तापते.

याच झाकणाची एक धोक्याची बाजू आहे. सायलन्सरच्या वरच्या जोडाचं गॅस्केट फुटलं असेल, तर धूर फटीतून थेट आत येतो. एसीत हवा आतल्या आत फिरवत असलो तर तो आतच राहतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डोकं जड होतंय, मळमळतंय असं वाटलं तर काचा उघडा, गाडीतून उतरा आणि ते गॅस्केट बदलेपर्यंत गाडी वापरू नका. उभ्या व्हॅनमध्ये एसी लावून झोपण्याचा बेत तर कधीच नको.

आमच्या गाडीचं शेवटी असं झालं. पंख्याची मोटर बदलली, थ्रॉटल बॉडी साफ केली, स्क्रू जागेवर आणला, सगळा गॅस काढून स्टिकरवरच्या आकड्याइतका मोजून भरला. पुढच्या खेपेला मी स्वयंपाकघरातला थर्मामीटर एसीच्या जाळीत खोचून निघालो. बाहेर ३७ अंश, टोलनाक्याच्या रांगेत जाळीतून येणारी हवा १२. सुई ९०० वर, गणपती स्थिर. आईनं मागून विचारलं, "एसी जरा कमी होतो का रे?" आणि अंगावर शाल घेतली. ड्रेनचा पाइप साफ करायचा अजून राहिलाय, त्यामुळे पुढे डावीकडे बसणाऱ्यानं चपला काढून ठेवायच्या नाहीत असा सध्या नियम आहे.